इथे वन्सं बघतील

लेखिकेला साधा चहा धड जमत नसे, आणि तिचं सगळं नाव झालं होतं ते स्वयंपाकघरातल्या रहस्यकथांवर. यात तिला स्वतःला काही विसंगत वाटत नसे. खून तरी कुठे केला होता तिने कधी? तोही ती पुस्तकात करतच होती, आणि बरा करत होती.

तिच्या मालिकेत एक खानावळ होती आणि ती चालवणाऱ्या मावशी होत्या. या मावशी चवीवरून खोटं ओळखत. सूपमध्ये दुसऱ्यांदा मीठ कुणी घातलं यावरून चोर पकडत, केक कोणत्या बाजूने फुगला यावरून साक्षीदाराची थाप उघडी पाडत. रक्त फारसं सांडत नसे. खून झालाच तर तो नीटनेटका, जेवणाच्या वेळा सांभाळून झालेला असे. शेवटी खुनी सापडे, बाकीचे जेवायला बसत, आणि त्या जेवणातल्या पदार्थांच्या कृती पुस्तकाच्या मागच्या पानांवर दिलेल्या असत. वाचकांचा खुनापेक्षा त्या कृतींवरच जास्त जीव. म्हणून प्रत्येक पुस्तकाच्या मलपृष्ठावर एक वाक्य ठरलेलं होतं: यातला प्रत्येक पदार्थ आमच्या घरी करून, खाऊन पाहिलेला आहे.

हे वाक्य खरं होतं ते वन्संमुळे.

वन्सं म्हणजे लेखिकेच्या नवऱ्याची थोरली बहीण. साबणाच्या कारखान्यात, तपासणी विभागात त्यांची सगळी नोकरी झाली होती आणि निवृत्त झाल्यावरही तपासणी काही सुटली नव्हती. कुणी काहीही सांगितलं की "करून बघितलंस का?" हा त्यांचा पहिला प्रश्न. घरात शिडी आणली तर आधी स्वतः तिच्यावर चढणार. छत्री आणली तर ती नळाखाली धरणार. भावाने लग्न ठरवलं तेव्हा होणाऱ्या वहिनीला त्या रोज संध्याकाळी पायी फिरायला नेत होत्या. "माल तपासून घेतला," असं पुढे चारचौघांत सांगत, आणि लेखिका सगळ्यांत मोठ्याने हसत असे.

त्यांच्या उजव्या हाताची करंगळी लहानपणी ट्रंकेच्या झाकणात सापडली होती. टोकावर तिरका वण राहिला होता. पदार्थ शिजला का, फुगला का, घट्ट झाला का, हे त्या त्या करंगळीनेच ठरवत. एकदा दाबली म्हणजे पास. शेजारी दुसऱ्यांदा दाबली म्हणजे पुन्हा कर. तोंडाने एक शब्द नाही. ढवळून झालं की चमचा भांड्याच्या काठावर टण् करून वाजवायचा आणि बाजूला ठेवायचा, ही त्यांची सही.

जेवणाच्या टेबलाच्या एका टोकाला लेखिका लिहायची, दुसऱ्या टोकाला वन्संच्या वाट्या मांडलेल्या असायच्या. लिहिताना कुठे अडलं की ती थांबत नसे. त्या जागी एक वाक्य टाकून पुढे जायची: इथे वन्सं बघतील. ओव्हन किती तापवायचा? इथे वन्सं बघतील. कुलूप केसांच्या पिनेने उघडतं का? इथे वन्सं बघतील. मग वन्सं बघत. दोन दिवस केसांच्या पिना वाकवत बसत आणि सांगत, "नाही उघडत. चोराला किल्ली दे." पाच पुस्तकं अशीच झाली होती.

सहाव्या पुस्तकाच्या मध्यावर वन्सं गेल्या. ध्यानीमनी नसताना छातीचं काहीतरी निमित्त झालं, आणि आठवड्याच्या आत त्यांच्या वाट्या पालथ्या पडल्या.

लेखिकेने पुस्तक पुरं केलं ते टेबलाच्या त्या टोकाकडे न बघता. प्रकाशन संस्थेतली संपादिका रोज फोन करत होती. बाई चांगली, पण तिला सदा घाई, म्हणून घरात तिचं नाव घाईबाई पडलं होतं. हस्तलिखित पाठवायच्या दिवशी लेखिकेच्या लक्षात आलं की ते घरगुती वाक्य ठिकठिकाणी तसंच पडलेलं आहे. एकेक जागा शोधून ते पुसायची तिच्यात ताकद नव्हती. तिने संगणकाला सांगितलं, हे वाक्य जिथे जिथे असेल तिथून काढून टाक. त्याने क्षणात काढलं. किती ठिकाणांहून काढलं, तेही त्याने पडद्यावर दाखवलं. पण ते वाचण्याइतके तिचे डोळे कोरडे नव्हते. तिने बटण दाबलं आणि पुस्तक गेलं.

पुस्तक बाजारात आल्यावर एका रविवारी नवरा म्हणाला, "ताईची आठवण म्हणून ते पुडिंग करू या का?" त्याचं चष्म्यांचं दुकान होतं, आणि बहिणीसारखाच तोही डोळ्यांना दिसेल तेवढंच खरं मानणारा. सहाव्या पुस्तकाचा सगळा डोलारा त्या पुडिंगवर उभा होता. जळक्या साखरेचं, संत्र्याच्या सालीचा वास असलेलं थंडगार पुडिंग. ते किती घट्ट झालं होतं यावरून मावशी पुस्तकातल्या पहिल्या खुनाची वेळ सांगतात. नवऱ्याने कृती समोर ठेवून अक्षरशः तसंच केलं. साखर जाळली, दुधात आणि सायीत मिसळली, साल घातली, गाळलं, साच्यात ओतलं, फ्रीजमध्ये ठेवलं. दुसऱ्या दिवशी साचा ताटलीत उलटा केला. तपकिरी दूध टेबलावरून वाहत त्याच्या चपलेत गेलं.

ओल्या चपलेनिशी त्याने कृती पुन्हा वाचली. "अगं, यात जिलेटिन कुठे आहे?"

लेखिकेने पुस्तक त्याच्या हातातून ओढून घेतलं. तिला ती ओळ डोळ्यांसमोर दिसली. गाळून घ्या. इथे वन्सं बघतील. साच्यात ओता. घट्ट कशाने करायचं ते तिला ठाऊकच नव्हतं. ते वन्सं बघणार होत्या. वाक्य गेलं, जागा बुजली, आणि दूध फ्रीजमध्ये ठेवून पुडिंग होतं अशी कृती हजारो घरांत जाऊन पोचली. वर मलपृष्ठावर ते वाक्य होतंच: करून, खाऊन पाहिलेला आहे.

त्याच दुपारी घाईबाईचा फोन आला. "ऐक, मागचं पुस्तक पडलं, तुला माहीतच आहे. हेही उठलं नाही तर मालिका बंद, वरून तसं स्पष्ट सांगितलंय. म्हणून मी जोर लावलाय. पुस्तक प्रदर्शनात मोठा कार्यक्रम ठेवलाय आपला. तू स्वतः स्टेजवर ते पुडिंग करायचंस. लोकांसमोर. जाहिरात गेलीसुद्धा!"

"मी?" लेखिका कशीबशी म्हणाली. "स्टेजवर?"

"मग काय मी करू? चल, ठेवते, घाईत आहे."

लेखिका खुर्चीत बसून राहिली. मालिका बंद होणं म्हणजे नुसतं पोटावर पाय नव्हता. मावशींच्या बोलण्यात वन्संचं बोलणं होतं, मावशींच्या हातांत वन्संचे हात होते. खानावळीचं दार लागलं की वन्सं दुसऱ्यांदा जाणार होत्या, आणि या खेपेला ते दार लेखिकेच्याच हातून लागणार होतं.

ती शिव्याशापांची वाट बघू लागली. आले ते फोटो.

पहिला एका शाळेतल्या गणिताच्या बाईंचा होता. निळ्या ताटलीत तपकिरी, गुळगुळीत, देखणं पुडिंग. खाली लिहिलं होतं, "पहिल्याच फटक्यात जमलं! इतकी सोपी कृती मी आजवर पाहिली नव्हती." लेखिकेला वाटलं, बाईंनी मनानेच जिलेटिन घातलं असेल. मग एका बसचालकाचा आला. मग एका वसतिगृहातल्या मुलींचा, मग दातांच्या डॉक्टरांचा. रोज नवे फोटो. जो तो सांगत होता, आम्ही अगदी पुस्तकात दिलंय तसंच केलं. तिने न राहवून गणिताच्या बाईंना विचारलं, तुम्ही आणखी काही घातलंत का? बाईंचं उत्तर थोडं रागावलेलं होतं. कृतीत नसलेलं त्या कशाला घालतील?

इकडे घरी नवऱ्याने पुन्हा करून पाहिलं. पुन्हा दूध. साचा बदलला, दूध बदललं, फ्रीज थंड केला. दूधच.

"आपल्याच घरात होत नाही म्हणजे काय?" तो वैतागून म्हणाला, आणि दुकानातलं भिंग आणून फोटो बघत बसला. बराच वेळ बसला. मग त्याने भिंग तिच्याकडे सरकवलं.

प्रत्येक पुडिंगच्या माथ्यावर, मधोमध, एक लहानसा खळगा होता. बोटाच्या टोकाएवढा. वसतिगृहातल्या मुलींचा फोटो चांगला स्वच्छ होता. त्यात खळग्याच्या तळाशी एक तिरकी रेघ दिसत होती.

"बुडबुडा असेल," नवरा म्हणाला. "ओतताना हवा राहते."

"सगळ्यांच्या साच्यात? एकाच जागी?"

"मग खाणाऱ्याने बोट लावून बघितलं असेल."

लेखिकेने भिंग खाली ठेवलं. "अरे, पुडिंग उलटं करून काढतात. आता जो माथा दिसतोय तो साच्याचा तळ होता. पत्र्याला चिकटलेला. तिथे बोट लावणार कुठून?"

नवऱ्याने चष्मा काढला, पुसला आणि परत घातला. रात्री जेवताना मात्र त्याने टेबलाच्या त्या टोकाला पालथी पडलेली एक वाटी उचलून सरळ ठेवली, आणि लेखिकेने ते पाहिलं नाही असं दाखवलं.

भीती वाटायला हवी होती. वाटलीही, नाही असं नाही; पण तिच्या खाली एक वेडा आनंद उकळत होता आणि तो झाकण राहू देत नव्हता. वन्सं घरोघर जात होत्या. सगळीकडे एकदाच दाबत होत्या. पास, पास, पास.

पुस्तकाने तर धुमाकूळच घातला. दुकानांतले गठ्ठे संपले, नवे आले, तेही संपले. ज्या वर्तमानपत्राने आजवर मावशींची दखल घेतली नव्हती त्याने अर्धं पान दिलं. समीक्षकाला सगळ्यांत आवडलं होतं अकरावं प्रकरण. पाहुणे जेवायला बसलेत, खुनी सरबताचा पेला पुढे ओढतो, सावकाश ढवळतो, आणि पुढच्याच पानावर यजमान कोसळतो. त्यात काय घातलं ते लेखिका सांगत नाही. हा केवढा संयम, असं त्याने लिहिलं होतं, विष पेल्यात नाही, त्या मोकळ्या जागेत आहे! लेखिकेने ते नवऱ्याला दोनदा वाचून दाखवलं. आपण इतका संयम नेमका कधी पाळला, ते तिला आठवेना. पण कौतुकाच्या वेळी असले प्रश्न कोण विचारतं?

प्रदर्शनाचा दिवस उजाडला. सभागृह खच्चून भरलं होतं. स्टेजवर शेगडी, ओटा, काचेच्या दाराचा फ्रीज, आणि शेगडीसमोर उभा केलेला कॅमेरा. तिचे हात मागच्या पडद्यावर दारांएवढे दिसत होते. घाईबाईने कार्यक्रम दोन भागांत आखला होता. सकाळी पुडिंग साच्यात ओतायचं, फ्रीजच्या दाराला कागदी पट्टी लावून तिच्यावर वाचकांनी सह्या करायच्या, आणि जेवणानंतर सगळ्यांसमोर पट्टी फाडायची. रहस्यकथेला शोभेल असं.

लेखिकेच्या कुडत्याच्या खिशात जिलेटिनची पुडी होती. नवऱ्यानेच दिली होती. "एक क्षण कॅमेऱ्याकडे पाठ कर आणि टाक," असं बजावून.

साखर जळून तपकिरी झाली. दूध तिच्यात पडताच मोठ्याने चुरचुरलं आणि संत्र्याच्या सालीचा वास पहिल्या रांगांपर्यंत गेला. तिने गाळून घेतलं. ती जागा आली. हात खिशाकडे गेला. लोक बघत होते, पडद्यावरचा तिचा प्रचंड हात खिशापाशी थबकलेला दिसत होता. तिला एकाएकी त्या पुडीची लाज वाटली. एवढ्या अनोळखी घरांत जाऊन ज्यांनी तिची अब्रू राखली, त्यांच्यावर आज तिने विश्वास ठेवायचा नाही?

तिने रिकामा हात बाहेर काढला आणि दूध साच्यात ओतलं. पहिल्या रांगेत नवऱ्याने डोळे मिटून घेतले.

दुपारी पट्टी फाडली तेव्हा सभागृहात खुर्चीचाही आवाज नव्हता. तिने साच्यावर ताटली धरली, उलटी केली, साचा उचलला.

पुडिंग उभं राहिलं. जरासं थरथरलं आणि स्थिर झालं. मागच्या पडद्यावर ते एखाद्या टेकडीएवढं दिसलं, आणि त्या टेकडीच्या माथ्यावर खळगा, खळग्यात तिरकी रेघ. टाळ्यांचा असा कडकडाट झाला की शेगडीवरचं झाकण वाजलं. लेखिकेचा जीव भांड्यात पडला. ती हसत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि तिला दोन्हीची लाज वाटत नव्हती. घाईबाईने धावत येऊन तिला मिठी मारली. "सातवं, आठवं, नववं!" ती कानात ओरडली. "वर कळवलं मी! आता तू थांबूच नकोस!"

मग घाईबाईने माइक घेतला. "मंडळी, अजून एक गंमत! अकरावं प्रकरण आठवतंय ना? ते डाळिंबाचं सरबत? खुनी त्यात काय घालतो ते आमच्या लेखिकाबाई शेवटपर्यंत सांगत नाहीत. तेव्हा आज आपण ते सगळे मिळून पिऊ या. बिनविषारी, बाटलीतून ओतलेलं!"

हशा पिकला. मोठमोठ्या ट्रेमधून काचेचे छोटे पेले रांगांमधून फिरू लागले. लेखिकेच्याही हातात एक आला. लाल, गार, काठोकाठ.

अकरावं प्रकरण.

खुनी पेला पुढे ओढतो. मग एक वाक्य होतं. मग तो ढवळतो.

कोणतं वाक्य?

तिला विषांतलं काही कळत नव्हतं. ते वन्संना कळायचं. साबणाच्या कारखान्यात कपाटभर बाटल्या असायच्या, कुठल्या बाटलीला वास नाही आणि कुठली पाण्यात दिसत नाही, हे त्या जेवताजेवता सांगत. म्हणून तिने ते त्यांच्यावर सोडलं होतं. जसं पुडिंग सोडलं होतं. त्याच शब्दांत.

आणि वन्संनी हातात घेतलेलं काम कधी अर्धवट टाकलं नव्हतं.

टण्, असा बारीक आवाज झाला. मग पलीकडे आणखी एक. मग रांगारांगांतून, हलके हलके, काठावर वाजल्यासारखे.

तिने ट्रेकडे पाहिलं. कुठेही चमचा नव्हता.

तिने आपल्या पेल्यात पाहिलं. तिचा हात स्थिर होता. सरबत गोल फिरत होतं. मध्ये एक छोटासा भोवरा पडला होता, आत्ताच कुणी ढवळून ठेवल्यासारखा.

पहिल्या रांगेतल्या एका आजोबांनी पेला ओठांपाशी नेला होता.

"खाली ठेवा!"

हा आवाज आपलाच, हे तिला क्षणभर कळलं नाही. आजोबांचा हात हवेत राहिला. सगळं सभागृह तिच्याकडे बघत होतं. तिला काहीतरी सांगणं भाग होतं.

"मावशींनी अजून चाखलेलं नाही," ती म्हणाली. "मावशींनी चाखल्याशिवाय आमच्या खानावळीत कुणी घोट घेत नाही. पेले परत ट्रेमध्ये. सगळ्यांनी. एकूण एक."

मग जो हशा उठला आणि ज्या टाळ्या पडल्या, त्या पुडिंगच्याही वरताण होत्या. लोक हसत हसत पेले परत ठेवत होते, एकमेकांना दटावत होते, "ए, ठेव, मावशी बघतायत!" आजोबांनी तर पेला दोन्ही हातांनी, मोठ्या आदराने ठेवला. "काय जमवलंस गं!" घाईबाई पुटपुटली. "मला आधी का नाही सांगितलंस?" पुस्तकावर सही घ्यायची रांग दाराबाहेर रस्त्यापर्यंत गेली. लेखिका सह्या करत राहिली, हसत राहिली, आणि तिचं निम्मं लक्ष स्टेजमागच्या खोलीकडे होतं. तिथे नवरा ट्रेजवळ उभा होता. कुणालाही आत सोडायचं नाही, असं तिने त्याला सांगितलं होतं, आणि त्याने कारण विचारलं नव्हतं.

रांग संपल्यावर ती आत गेली. खोलीत एक लांब टेबल, एक बेसिन, भिंतीला टेकवलेल्या जादा खुर्च्या. टेबलावर ट्रेमागे ट्रे.

"मी इथून हललो नाही," नवरा म्हणाला. त्याचा आवाज नेहमीसारखा नव्हता. "कुणी हात लावलेला नाही. पंखा बंद आहे. टेबल हलत नाहीये, मी हात ठेवून बघितलं."

सगळ्या पेल्यांत सरबत फिरत होतं. सावकाश, एकाच दिशेने, एकाच लयीत.

लेखिका टेबलाजवळ गेली. तिला वन्सं दिसल्या नाहीत, ऐकू आल्या नाहीत. जळक्या साखरेचा वास येत होता, पण तो तिच्याच कपड्यांना होता. तिने ओढणीला हात पुसले, वन्सं पदराला पुसत तसे, आणि जेवणाच्या टेबलावर बोलावं इतक्या साध्या आवाजात म्हणाली, "वन्सं, हे राहू द्या. हे मी बघते."

सगळे पेले एकदम थांबले.

थोड्या वेळाने नवऱ्याने नळ सोडला. दोघांनी मिळून एकेक पेला बेसिनमध्ये रिकामा केला, आणि सगळं संपल्यावरही नळ बराच वेळ तसाच वाहू दिला.

दुसऱ्या आवृत्तीची तयारी त्याच आठवड्यात सुरू झाली. लेखिकेने छापलेलं पुस्तक पहिल्या पानापासून वाचलं. जिथे जिथे वाक्य ओढूनताणून जोडल्यासारखं वाटलं तिथे ती थांबली, आणि ती जागा स्वतः भरली. अकराव्या प्रकरणासाठी ती ग्रंथालयात जाऊन बसली. खुन्याच्या हातात तिने एक कडू मुळी दिली, जी पुढे मावशींनाच वेळेवर ओळखू येते. आता यजमान कोसळतो, पण वाचतो. घाईबाई आधी किंचाळली, मग वाचून म्हणाली, हे जास्त छान आहे.

पुडिंगची कृती राहिली होती. ती तिने नवऱ्यावरही सोडली नाही. एका सकाळी लेखिकेने बाह्या सारल्या आणि जन्मात पहिल्यांदा स्वतः साखर जाळली. एकदा काळी झाली. दुसऱ्यांदा जमली. जिलेटिन भिजवलं, विरघळवलं, घातलं. ढवळून झाल्यावर चमचा काठावर वाजवला, आणि आपण तो का वाजवला म्हणून स्वतःशीच हसली.

संध्याकाळी तिने साचा ताटलीत उलटा केला आणि उचलला. या घरातलं पहिलं पुडिंग. ताठ उभं, चकचकीत, देखणं. ती अभिमानाने नवऱ्याला हाक मारणार होती, तेवढ्यात तिने खाली वाकून नीट पाहिलं.

माथ्यावर, अगदी शेजारी शेजारी, दोन खळगे होते.

"झालं का?" बाहेरून नवऱ्याने विचारलं.

"थांब जरा," लेखिका म्हणाली, आणि पातेलं पुन्हा घासायला घेतलं.